नाल्यापलीकडची विहीर

बाबा, या उन्हाळ्यात भाऊने आपली नाल्यापलीकडची विहीर विकायला काढली होती. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी हे तुम्हालाच सांगायचं आहे, कारण ज्याला सांगायला हवं त्याला सांगायची माझी हिंमत नाही.

तुम्ही लावलेली मोसंबीची बाग अजून उभी आहे. घर आणि बाग देऊळगाव राजाच्या अंगाला, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात, आणि विहीर नाला ओलांडला की जालन्याच्या हद्दीत. नाल्याखालून तुम्ही टाकलेल्या पाइपानेच अजून बाग भिजते. दोन जिल्हे आहेत हे आपल्याला फक्त सातबारा काढताना आठवायचं. मात्र वेगळ्या विदर्भाची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत, आणि भाऊचा मोठा मुलगा त्या सभांना जातो. त्याचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. आपला कापूस, आपली वीज, आणि अनुशेष मात्र आपल्याच नशिबी. आपलं राज्य झालं तर आपला पैसा आपल्याकडे राहील, असं तो म्हणतो. भाऊ ऐकून घेतो. एका दुपारी मात्र तो भरल्या ताटावरून उठला आणि ओट्यावर जाऊन बसला. मी मागोमाग गेले तर म्हणाला, "ताई, बाग एका राज्यात आन् विहीर दुसऱ्या राज्यात. उद्या तिकडच्या सरकारनं म्हटलं, आमचं पाणी बाहेर नाही जाऊ देत, तं कोनाच्या दारात जायचं? त्यापेक्षा आताच इकून इकडं बोअर घेतो."

मी त्याला हसणार होते, पण हसू आलं नाही. मला तुमचा नाका आठवला. तुम्ही आठ वर्षांचे होतात, नाल्यापलीकडे तेव्हा निजामाचं राज्य, आपली माणसं त्याला मोगलाई म्हणायची, आणि वाटेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. आजोबा तुम्हाला घेऊन आत्याकडे गुळाची ढेप पोचवायला निघाले आहेत. शिपाई पोत्यात सळई खुपसतो, ढेप फोडतो. गावात कुणापुढे आवाज खाली न आणणारे आजोबा पागोटं काढून हात जोडून उभे आहेत. एवढं सांगून तुम्ही दरवेळी आम्हाला आता खेळायला जा म्हणायचात. आता तसे नाके येणार नाहीत हे मला कळतं. देश एकच आहे. पण विजेचं मीटर तिकडचं, तलाठी तिकडचा, मोसंबी विकायची ती जालन्याच्या बाजारात. उद्या यातलं काय बदलेल हे तहसिलात कुणालाच सांगता येईना. सगळे म्हणाले, तेव्हाचं तेव्हा पाहू. त्याने भीती वाढलीच.

विहिरीवर माझंही नाव आहे, म्हणून भाऊ इसारपावती सहीसाठी घेऊन आला. घेणारे चाचा होते, विहिरीला लागून ज्यांचं शेत आहे आणि आपल्याच विहिरीवर भिजतं ते. मी सही उद्यावर टाकली आणि देऊळगावात त्यांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायच्या दुकानात गेले. चाचा आता फार थकलेत. त्यांनी मला स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि तांब्याची तार गुंडाळायला घेतली. मग म्हणाले, "बहीन, मले तुमची विहीर नको. दुसऱ्या कोनी घेतली तं माझं शेत सुकंल, म्हनून घेऊन राह्यलो. माझं दुकान इकडं, शेत तिकडं. उद्या मलेच परका म्हटलं तं मी कुठं जाऊ?"

माझ्याइतकंच कुणीतरी घाबरलेलं पाहून मला धीर आला, हे बरं नाही, पण तसं झालं. घरी आले आणि भाऊला म्हणाले, "बाबा शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले होते, विहीर जाऊ देऊ नका."  त्याने इसारपावती घडी करून खिशात घातली आणि पुन्हा बाहेर काढली नाही. पुढच्या आठवड्यात तो, चाचा आणि मी स्टॅम्पपेपर करायला गेलो: राज्य कोणतंही होवो, पाइप आणि पाणी दोन्ही घरांचं. लिहिणाऱ्याने विचारलं, राज्य काय लिहू?  शेवटी त्यानेच महाराष्ट्र लिहिलं. तो कागद उद्या कुठल्या कोर्टात चालेल, मला माहीत नाही.

बाबा, दवाखान्यात त्या संध्याकाळी तुमच्याजवळ मी एकटीच होते. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "पलीकडचं ठेवू नका, बाई. विहीर इकून टाका." तुमच्या डोळ्यांत तोच नाका होता, ते मला दिसलं होतं. वीस वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नाही, आणि आता भाऊला तुमचं बोलणं उलटं करून सांगितलं. तो आता रोज सकाळी तुमचं नाव घेऊन मोटार चालू करतो. पाइपातून पाणी येऊन पडलं की मला आवाज येतो, आणि मी हातातलं काम ठेवून, ते बंद तर पडत नाही ना, ऐकत उभी राहते.