जाडा माइक, सडपातळ माइक आणि तुमची धाकटी बहीण

तीर्थस्वरूप ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात जोडायचे म्हणून पेन खाली ठेवलं, ते घरंगळत टेबलाखाली गेलं, ते शोधायला मी वाकलो आणि तिथेच बसून थोडा वेळ फरशीवरचं ऊन बघत राहिलो. नमस्कार पोचायला उशीर झाला असेल तर तो असा.) तुमचा गुडघा काय म्हणतो? साडूभाऊंची पाठ बरी आहे ना? इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असाल, पण घाबरण्यासारखं काही नाही. थोडं काळजीचं आहे, ते आधी सांगून टाकतो.

तुमच्या बहिणीच्या घशात एक गाठ निघाली आहे. तपासणी झाली, गाठ साधी आहे, पुढच्या महिन्यात काढायची. जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले, आवाज मात्र बदलेल. कदाचित थोडा, कदाचित बराच. इस्पितळाच्या टेलिफोनवर बसून अख्ख्या गावाला ‘थांबा हं, जोडते’ म्हणणाऱ्या बाईला हे सांगताना डॉक्टर उगाच चष्मा पुसत होते. (काच स्वच्छ होती. आमच्याच दुकानात बसवलेली आहे, मला ठाऊक आहे.) ती फक्त ‘बरं’ म्हणाली आणि घरी येऊन तिने सगळे पडदे धुवायला काढले. मी ठरवलं, हा आवाज आहे तोवर नीट टिपून ठेवायचा. आधी फोनवर टिपून पाहिला, तर त्यात ती बिस्किटांच्या डब्यात बसून बोलतेय असं वाटलं. म्हणून दुपारी चष्म्याचं दुकान बंद करून मी वाद्यांच्या दुकानात गेलो.

तिथला दुकानदार अर्धे डोळे मिटून बोलतो, आणि त्याचं ऐकता ऐकता आपलेही मिटायला लागतात. त्याने समजावलं की साधा माइक स्टेजवर ठीक; त्याच्या तोंडाला तोंड लावून ओरडलं की तो जागा होतो. कंडेन्सर माइकला झोपच नसते. त्याच्या आत इतका तलम पडदा असतो की नुसत्या श्वासानेही थरथरतो. घरात बसून आवाज टिपायचा तर हाच हवा. पण त्यातही दोन जाती: मोठ्या पडद्याचा जाडा आणि छोट्या पडद्याचा, पेन्सिलीसारखा सडपातळ. मग त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि विचारलं, “हा बरा वाटतो, की हा?” मी मान तिरकी करून पुन्हा ऐकलं. “परत लावू? हा… की हा?” ताई, उभा जन्म मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत हाच प्रश्न विचारत आलो, आणि लोक एवढे कावरेबावरे का होतात ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. शेवटी मी, माझं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं तेच म्हणालो, “दोन्ही सारखेच आहेत.” तो समजुतीने हसला, दोन्ही माइक घरी वापरून बघायला दिले, आणि सोबत एक पेटीही दिली. कंडेन्सर माइकला विजेशिवाय ऐकू येत नाही. ही पेटी आवाज टिपते, आणि ज्या तारेतून आवाज येतो त्याच तारेतून त्याला वीज पोचवते. त्या विजेला फँटम पॉवर म्हणतात. घरी मी हे वडिलांना सांगितलं. “फँटम म्हणजे भूत ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते विचारात पडले. “मग मीटर कुठलं लावतात त्याला?”

सडपातळ माइक लावून मी हेडफोन घातला, आणि ताई, तिथून पुढे माझं जरा बिघडलं. आपल्या घरात आपण राहतो असं मला वाटायचं. पण हे घर मी कधी ऐकलेलंच नव्हतं. फ्रिज एका सुरात गुणगुणत होता, मध्येच थांबून उसासा टाकत होता. पलीकडच्या खोलीत वडील वर्तमानपत्राचं पान उलटत होते, आणि ते एखाद्या मोठ्या पक्ष्याने पंख मिटावेत तसं ऐकू येत होतं. नळातून थेंब पडायच्या आधी एक बारीकशी शांतता असते, तीही ऐकू आली. माझी स्वतःची कॉलर मानेवर घासत होती. मी हललोच नाही. मध्ये कधीतरी चहा आला आणि गार होऊन परत गेला. भिंतींवरचं ऊन पिवळं झालं, मग तांबूस झालं, आणि मी समुद्राच्या तळाशी बसल्यासारखा बसून होतो, वर माझंच घर होडीसारखं हलत होतं. तुमच्या बहिणीने समोर येऊन हात हलवला तेव्हा मला आधी तिच्या बांगड्या ऐकू आल्या, मग ती दिसली.

हे सगळं स्वप्नात छान होतं, पण तिचा आवाज टिपायचा तर फ्रिज नको होता. दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, खोली मोकळी असली की आवाज भिंतींवर आपटत फिरतो, त्याला मऊ जागा द्या. आमच्याकडे सगळ्यात मऊ जागा म्हणजे कपड्यांचं कपाट. मी खालचे कप्पे काढले, आत स्टूल ठेवलं, आणि टांगलेल्या कोटांमध्ये तुमच्या बहिणीला बसवून दार लोटून घेतलं. (ती बसली. लग्नानंतर तिने माझं निमूट ऐकल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि त्याचीच मला भीती वाटली.) मी वायर सोडवत होतो तेवढ्यात वडील स्वेटर घ्यायला आले. त्यांनी दार उघडलं. आत सून, कानांवर हेडफोन, समोर माइक. त्यांनी तिच्या खांद्यावरून हात घालून स्वेटर काढून घेतला, “चालू दे” म्हणाले आणि दार परत लोटलं. आजवर त्यांनी या विषयावर एक शब्दही काढलेला नाही.

आता निवड. सडपातळ माइकने तिचा आवाज होता तसा दिला, घशातल्या खरखरीसकट. प्रामाणिक माइक, मला तोच आवडला. जाड्याने मात्र आवाज भरदार केला, उबदार केला, जणू ती शालीच्या आतून बोलतेय. तुमच्या बहिणीने दोन्ही ऐकले. जाडा ऐकताना तिने हेडफोन कानांवरून काढला.

“ही मी नाही,” ती म्हणाली. “ही ताई वाटते.”

“मग सडपातळ घेऊ या,” मी म्हणालो.

“नको. हाच ठेवा.”

मी कारण विचारलं, तर “उगीच” म्हणाली. तिच्या ‘उगीच’पुढे मी कधीच गेलेलो नाही.

मग जाड्यापुढे तिने आकडे म्हणून दाखवले, ‘थांबा हं, जोडते’ म्हणून दाखवलं, आणि मग मी न सांगताच गायला लागली. तुम्ही दोघी लहानपणी कपडे वाळत घालताना म्हणायचात, ते गाणं. कोटांच्या अंधारातून ते येत होतं आणि माझी बोटं पेटीच्या बटणांवर तशीच राहिली. पहिलं कडवं झालं. मग नुसता श्वास. “पुढचं ताईला येतं,” ती म्हणाली, आणि कपाटातून बाहेर येऊन भाजी चिरायला बसली.

तेव्हापासून ती गायलेली नाही. सडपातळ माइक मी परत केला. जाडा टेबलावर आहे, आणि हे लिहिताना माझ्याकडे बघतो आहे. गुडघ्याला जपा. साडूभाऊंना सांगा, वजनं उचलू नका.

जागेपणी स्वप्नं बघणारा,
तुमचा मेहुणा

ता. क. — हे पत्र माइकबद्दल नाही, हे तुम्हाला कधीच कळलं असेल. तुमच्या आई गेल्यावर त्यांच्या शिलाई मशीनवरून तुम्हा दोघींचं ‘तू घे’, ‘नको, तूच घे’ झालं आणि बोलणं तुटलं. लोक वस्तू आपल्याला मिळावी म्हणून भांडतात. दुसरीला मिळावी म्हणून अबोला धरलेल्या तुम्ही दोघीच. मशीन तुमच्या मामेबहिणीकडे आहे, आणि ती मजेत शिवते आहे. ऑपरेशनच्या आधी या. ती बोलावणार नाही. मी लिहिलंय हे तिला माहीत नाही.

ता. क. दुसरा (अक्षर वेगळं दिसेल) — ताई, पत्र टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं आणि ‘वाचू नको’ म्हणाले, म्हणून वाचलं. कपाटाचं खरं आहे. गाण्याचं यांना कळलेलं नाही. पुढचं कडवं मला येतं, सगळी येतात. एकटीला म्हणवेना. ये. मशीन मी घेते.