तिसरा रकाना

प्रिय ताई,

हे पत्र मी किती वेळा लिहायला घेतलं ते विचारू नकोस. प्रत्येक नव्या गावात पोचलो की पहिला बेत हाच, की आज ताईला चार ओळी खरडायच्या. मग पेन सापडायचं नाही. पेन सापडलं की खिडकीखाली दोन ड्रायव्हर भांडायला लागायचे आणि भांडण सोडवायला नव्हे, तर नीट ऐकू यावं म्हणून मी खाली उतरायचो. अशी तीन वर्षं गेली. आळशी म्हणशील, तर आहेच. पण पत्र आळसापायी राहिलं नाही. ते कशापायी राहिलं हे सांगायलाच आज बसलोय, आणि बघ, पुन्हा ड्रायव्हरांकडे वळलो.

आधी बातमी. तुझा हा भिंगरी सरकारी नोकरीत आहे. हस, हसून घे. एका गॅरेजमध्ये चार महिने टिकलो होतो (माझा विक्रम), तिथे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या मोटारसायकली दुरुस्तीला यायच्या. त्यांच्या टपालस्वाराचं मनगट मोडलं, आणि तिथल्या मुख्य कारकुनाने मला विचारलं, शिक्षण किती? म्हटलं, शिक्षणाचं सोडा, शहरातले रस्ते सगळे तोंडपाठ आहेत. तो म्हणाला, तेवढं पुरे. तेव्हापासून चामड्याची पिशवी पाठीला लावून मी कागद पोचवतो. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे. माझ्यासारख्याला बसून राहायचा पगार कोण देणार, हिंडायचा मिळतो हे काय थोडं झालं!

पेपर तू वाचतेसच, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या डोक्यातली रक्ताची गाठ काढली, ते तुला ठाऊक असेल. "प्रकृती सुधारल्याचे त्यांचे पत्र तांत्रिक कारणास्तव परत आले," हेही वाचलं असशील. ताई, ते तांत्रिक कारण म्हणजे मी.

घटनेत एक कलम आहे. राष्ट्राध्यक्षांना काही काळ काम झेपणार नसेल, तर त्यांनी तसं पत्र सभापतींना लिहायचं. पत्रावर संसदेच्या आवक खिडकीत शिक्का पडला, की त्या मिनिटापासून कारभार उपाध्यक्षांकडे. बरे झाले की दुसरं पत्र. त्यावर शिक्का पडला की कारभार परत. फार सोपं. पण कोणे एके काळी इथल्या एका प्रमुखाला आजारपणात खोलीत ठेवून त्याच्या माणसांनी सहा महिने त्याच्या नावाने कारभार केला होता म्हणे. म्हणून घटना लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट करून ठेवली. पत्र नेणाऱ्या माणसाने सही होताना समोर उभं राहायचं आणि पोचवहीत तीन रकाने स्वतःच्या हाताने भरायचे. सही त्यांच्या हातची? माझ्यासमोर केली? पूर्ण भानावर राहून केली? मोठ्या माणसांवर त्यांचा भरवसा नव्हता, पण पत्र पोचवणाऱ्यावर होता. मला हे कळलं तेव्हा छाती दोन इंच फुगली. मग कळलं की आधीचे स्वार तिन्ही रकाने ऑफिसातूनच भरून निघायचे.

पहिलं पत्र मीच नेलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साहेब पलंगावर ताठ बसले होते. झोकात सही केली आणि म्हणाले, "सांभाळून चालव रे, अख्खा देश पिशवीत आहे तुझ्या." अठरा मिनिटांत पोचलो. आवक खिडकीत एक वयस्कर बाई बसतात, मी त्यांना आवकबाई म्हणतो. त्यांना विचारलं, या अठरा मिनिटांत देश कोण चालवत होतं हो? त्या शिक्का मारत म्हणाल्या, "हा पडेपर्यंत साहेबच. तू फक्त मोटारसायकल चालवत होतास." बाई मोठी कडक, पण स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून पुढे सरकवते.

नऊ दिवसांनी दुसरं पत्र. दवाखान्याचा पाचवा मजला, पडदे अर्धे ओढलेले. खोलीत साहेब, त्यांचे मोठे डॉक्टर, खासगी सचिव आणि खिडकीशी साहेबांच्या पत्नी, आमच्या बाईसाहेब, संत्रं सोलत बसलेल्या. साहेबांनी सही केली, अक्षर तसंच, मोत्यासारखं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे, पूल झाला का बांधून?" साहेब मूळचे इंजिनियर, आणि त्यांचा तो नदीवरचा पूल होऊन बारा वर्षं झालीत, मी त्याच्यावरूनच आलो होतो. सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांनी सचिवांच्या बाहीला धरून हळूच विचारलं, "आणि हल्ली राष्ट्राध्यक्ष कोण आहेत?"

मी पुन्हा हसलो, ताई. थट्टेखोर माणूस, मला वाटलं थट्टाच. सचिवही म्हणाले, साहेबांचं आपलं सुरूच असतं! पण माझी नजर बाईसाहेबांकडे गेली. त्यांचा अंगठा संत्र्याच्या सालीत रुतून तसाच राहिला होता. त्या हसल्या नव्हत्या.

पोचवही माझ्यापुढे आली. पहिला रकाना, होय. दुसरा, होय. तिसऱ्याशी पेन अडलं. सचिव पिशवीची कडी लावायच्या घाईत होते, त्यांनी पाहिलं नाही. मी निघालो. वाटेत त्या पुलावर थांबलो, खालून वाळूची होडी चालली होती. तिच्यावरचा एकटा माणूस एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्याने कांदा खात होता... असो. दहा मिनिटं तरी गेली असतील. आवकबाईंनी चष्मा लावला, वही बघितली आणि म्हणाल्या, "तिसरा रकाना राहिला रे." मी म्हटलं, "राहिला नाही, ठेवलाय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शिक्क्यावरचा हात काढून घेतला. म्हणाल्या, मग मला हे घेता येत नाही. आणि त्या दिवशी चहा अर्धा नाही, अख्खा कप दिला.

त्यानंतर जे झालं ते विचारू नकोस. सचिवांनी मला उभा करून विचारलं, "तू काय डॉक्टर आहेस?" म्हटलं, नाही साहेब, पण तो रकाना डॉक्टरांचा नाही, पत्र नेणाऱ्याचा आहे. "गॅरेजमधलं कार्टं आणून ठेवलं की असंच व्हायचं," असं त्यांनी भिंतीला सांगितलं. रकाना आत्ता भरलास तर विषय संपला, नाहीतर नोकरी गेली समज, असंही झालं. मी वही छातीशी धरून उभा. रकाना रिकामा राहिला तर एक न्यायाधीश आणि तीन डॉक्टर यांची समिती बसते, आणि सहीच्या वेळी खोलीत असलेल्या प्रत्येकाला बोलावून विचारते, असंही त्याच कलमात आहे. तोवर कारभार उपाध्यक्षांकडे. डॉक्टर आणि सचिव काल सांगून आले, साहेब ठणठणीत आहेत. बाईसाहेबांनी येत नाही म्हणून कळवलं. घरच्या माणसावर सक्ती करता येत नाही. आता उरलो मी. उद्या सकाळी दहा वाजता. दोन मोठ्या माणसांच्या शब्दापुढे एका मोटारसायकलवाल्याचा शब्द.

भ्यायलोय का? खोटं कशाला बोलू, जेवण व्यवस्थित जातंय. माणूस भला आहे, मला आवडतो, शत्रू नाही माझा. पण पूल बांधून बारा वर्षं झाली हे ज्याला आठवत नाही, त्याने उद्या सैन्याच्या कागदावर सही करायची, तर मी होय लिहिणार नाही. इतकं साधं आहे ते. साधं असूनही मला तीन वर्षं उशिरा जमलं.

आता पत्र कशापायी राहिलं, ते. गोदीच्या साहेबाकडे जाऊन तू बाबांबद्दल सांगितलंस, त्यांना क्रेनवरून उतरवलं गेलं, आणि मी दारात उभा राहून तुला म्हणालो, चाळीस फुटांवर राज्य करणाऱ्या माणसाला तू घरात कोंबलंस, स्वतःला शहाणी दाखवायला. ते म्हणून बॅग उचलली. बाबा तुझ्याशी कितीतरी महिने बोलले नाहीत, तरी त्यांचं अंथरूण-पांघरूण तूच करत होतीस, हे मावशीने कळवलं होतं मला. तुला वाटत असेल, भिंगरीला काही कळलं नव्हतं, म्हणून तो बोलला. ताई, मला तुझ्याआधी कळलं होतं. महिनाभर आधी मी डबा घेऊन वर केबिनमध्ये गेलो होतो. खाली माणसं उभी, वर पेटी लोंबकळतेय, आणि बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले. मला म्हणाले, "खाली सोडायचा दांडा कुठला रे, डावा की उजवा?" मी हसलो. दांडा दाखवला. डबा ठेवला आणि उतरलो. कुणालाच सांगितलं नाही. तू सांगितलंस, आणि शिव्या खायला तुला एकटीला पुढे ठेवून मी गावोगाव हिंडत बसलो. समितीनंतर पेपरात माझं काय छापून येईल ते येवो, पण त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून हे पत्र. दारातला तो शब्द मी परत घेतो. बाबांनाही सांगेन, पण तोंडी. समितीचं आटोपलं की पहिल्या गाडीने येतो, नोकरी असो वा नसो.

थांब, मी लिहीत बसलोय त्या टपालखोलीत एकदम सगळे उभे राहिलेत. बाईसाहेब आल्यात, ताई! एकट्या, मागच्या फाटकातून, चालत. सोबत ना ड्रायव्हर ना पहारेकरी. मुख्य कारकुनाला खुर्ची कुठे ठेवावी ते सुचेना, तर त्या आमच्या हेल्मेटांच्या बाकावरच बसल्या. मी पाणी दिलं. ते सगळं पिऊन त्यांनी ग्लास नीट खाली ठेवला आणि समितीच्या नावाचा लिफाफा माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "समितीला सांगा, उद्या या पोराच्या आधी माझं नाव घाला. घरच्या माणसाने आधी बोललेलं बरं." लिफाफा पिशवीत टाकलाय, मोटारसायकल दारात आहे. हे पत्र वाटेत पेटीत टाकतो.

तुझाच,
भिंगरी