तटबंदीवर आम्ही दोघं

४ जून २००६, रविवार. अल्फारेटा, जॉर्जिया, अमेरिका

ठरलं. या वर्षी लिंडेनफुर्ट. आता माघार नाही.

पुढे कधी मीच ही डायरी वाचेन, त्यासाठी नोंद: लिंडेनफुर्ट हे जर्मनीतलं छोटं गाव. मध्ययुगातली तटबंदी शाबूत. आत दगडी गल्ल्या, लाकडी चौकटींची घरं. पद्मजा लग्नाआधी पुण्यात जर्मन शिकवायची. तिच्या पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर याच गावाचा फोटो होता. तिला पाहायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन मी तिला म्हणालो होतो, लग्नानंतर पहिलं हे गाव दाखवीन. पहिला अटलांटाचा विमानतळ दाखवला. मग अपार्टमेंटची लाँड्री. पण शब्द म्हणजे शब्द. फक्त डेडलाइन सरकली.

संध्याकाळी जाहीर केलं. मुलगी रुचा म्हणाली, ‘कूल.’ पद्मजा म्हणाली, बघू. आनंद झाला की ती असंच म्हणते.

११ जून, रविवार

प्रोजेक्ट प्लॅन तयार. रंगीत. प्रत्येक कामापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव. भाजणी, लोणचं, छोटा राइस कुकर: पद्मजा. जर्मनमधे बोलणं: पद्मजा. निर्णय घेणं: मी.

रुचाने विचारलं, मग माझं काम काय? म्हणालो, उत्साह. ‘पास,’ म्हणाली. नऊ वर्षांची आहे, चालायचंच.

रिस्कचा रकाना रिकामा सोडलाय. रिस्क नाहीच.

२ जुलै, रविवार

तिकिटं काढली. सप्टेंबरचा दुसरा आठवडा.

पद्मजा भांडी घासताना जर्मन बोलते. कढईशी. कढईला काही विचारते आणि मग कढईच्या वतीने उत्तरही देते. इतक्या वर्षांत तिचा हा आवाज मी ऐकला नव्हता. जरा मोठा आहे.

दगडी गल्ल्यांसाठी नवे बूट आणले तिने. म्हणालो, बॅगेचं वजन वाढेल. म्हणाली, पायात घालून जाईन.

माझंही जर्मन चालू आहे. गाडीत सीडी लावतो. पहिला धडा पुष्कळदा झाला. दुसरा लागायच्या आत ऑफिस येतं.

१६ जुलै, रविवार

अतुलचा फोन. अतुल आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक. लेख पंधरा ऑगस्टपर्यंत हवेत. म्हणालो, प्रवासवर्णन देतो, लिंडेनफुर्टचं. तो म्हणाला, अरे वा, कधी गेला होतात? म्हणालो, जाऊन आल्यातच जमा आहे.

सप्टेंबरात जायचं आणि ऑगस्टात लेख द्यायचा, यात एखाद्याला अडचण दिसेल. आमच्या व्यवसायात याला काम पुढे खेचणं म्हणतात. लायब्ररीतून गाइडबुक आणलं. परत आल्यावर बारीकसारीक दुरुस्त्या केल्या की झालं.

३० जुलै, रविवार

लेख पूर्ण. ‘तटबंदीवर आम्ही दोघं.’ शेवट फार उतरलाय. सूर्य मावळतीला, खाली लाल कौलं, पद्मजा माझा हात धरते आणि म्हणते, आता मागायचं काही राहिलं नाही. टाइप करताना माझेच डोळे भरले.

अतुलला ईमेल केला. त्याने कळवलं, नुसते चौकोन दिसतायत, फॉन्ट पाठवा. फॉन्ट पाठवला. तासाभराने त्याचा फोन, उल्हासराव, रडवलंत.

पद्मजाला दाखवला नाही. छापून आल्यावर सरप्राइज.

८ ऑगस्ट, मंगळवार, संध्याकाळी

जर्मन व्हिसासाठी वकिलातीत गेलो. खिडकीवरची बाई सभ्य होती. तिने माझा अमेरिकेचा व्हिसा मागितला. मी पान काढून दिलं. मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. मी मुदतवाढीचा कागद दाखवला, लॅमिनेट केलेला. ती म्हणाली, हा इथे राहण्यासाठी आहे. इथून बाहेर गेलात तर परत येण्यासाठी पासपोर्टात व्हिसाचा नवा स्टॅम्प लागतो. म्हणालो, आमच्या ऑफिसात सगळेच असे राहतात. ती म्हणाली, राहा ना.

पद्मजाचा स्टॅम्प ताजा. मागच्या हिवाळ्यात भावाच्या लग्नाला एकटी गेली होती, तेव्हा मुंबईला करून आली. मला ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. रुचा इथे जन्मलेली, तिचा पासपोर्टच निळा. म्हणजे आमच्या घरात जर्मनीला जाऊ न शकणारा एकच माणूस, आणि तो प्रोजेक्ट मॅनेजर.

परतताना पद्मजाने माझा पासपोर्ट चाळला. मग म्हणाली, दोन वर्षांत पासपोर्ट एकदाही उघडून बघितला नाहीस? म्हणालो, गरज पडली नाही.

ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गाड्यांचं शोरूम होतं.

रिस्कच्या रकान्यात एक ओळ भरली.

१३ ऑगस्ट, रविवार

खचायचं नाही. पर्याय तपासले. मेक्सिकोत जाऊन स्टॅम्प करून घेणं. वकील म्हणाला, नाकारला तर तिथूनच थेट पुण्याला. स्टॅम्पसाठी भारतात जाऊन यायला मॅनेजरकडे रजा मागितली. तो सिस्टिम लाइव्ह जाण्याची तारीख सांगून हसला. तिसरा पर्याय काल गणपतीसमोर बसून मांडला. उत्तर आलेलं नाही.

माझं आणि रुचाचं तिकीट कॅन्सल केलं. पद्मजाचं करणार होतो. ती म्हणाली, माझं राहू दे. फक्त तारीख पुढे ढकल. आठवण म्हणून ठेवायचं असेल. हळवी आहे. बूट खोक्यात घालून कपाटात वर ठेवले तिने.

लेख मागे घ्यायला अतुलला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, तुमचा लेख मधल्या रंगीत पानांवर घेतलाय, दोनतीन फोटो तेवढे पाठवा. म्हणालो, पाठवतो. एवढ्या प्रेमाने मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?

३ सप्टेंबर, रविवार

पर्याय सापडला! इथून दीड-दोन तासांवर, जॉर्जियाच्या डोंगरातच, हेलन. अख्खं गाव जर्मन पद्धतीने सजवलंय. उतरती छपरं, रंगवलेल्या भिंती, खिडक्यांत फुलं. स्टॅम्प लागत नाही.

पद्मजाला काही सांगितलं नाही. गाव जवळ आल्यावर ओढणी डोळ्यांवर बांधायला लावली. गुदमरतंय म्हणाली, पण बांधली. चौकात तिला उतरवून ओढणी सोडली.

तिने आधी छपरं बघितली. मग पार्किंगमधले पिकअप ट्रक. मग मला. म्हणाली, भिंती छान रंगवल्यात.

जेवायला बसलो. झालरीचा फ्रॉक घातलेली वेट्रेस आली. पद्मजाने तिच्याशी जर्मनमधे सुरुवात केली. अगदी तो कढईशी बोलायचा आवाज. वेट्रेस थांबून ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘हनी, आय ॲम फ्रॉम मेकन.’ मेकन इथलंच, जॉर्जियातलं. पद्मजाने इंग्रजीत सूप मागवलं. नंतर परत येईपर्यंत कुठल्याच भाषेत फारसं बोलली नाही.

रुचा म्हणाली, बाबा, ‘इट्स लाइक अ स्कूल प्ले.’ तिला फज, म्हणजे चॉकलेटची वडी, घेऊन दिलं.

फोटो मात्र उत्तम आले. ट्रक कापले. अतुलला तीन पाठवले.

१५ ऑक्टोबर, रविवार

काल मंडळाची दिवाळी, शाळेच्या कॅफेटेरियात. अंक वाटला. लोक येऊन हात मिळवत होते. मी विनयाने मान हलवत होतो. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

मग मालिनीकाकू आल्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी येतात, चष्मा जाड, आवाज खणखणीत. फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, अरे उल्हास, ही पायरी ओळखीची आहे माझ्या. इथेच नाही का माझी चप्पल तुटली? शेजारी ते फजचं दुकान. म्हणालो, काकू, जर्मन बांधकाम सगळीकडे सारखंच असतं. त्या म्हणाल्या, आणि दुकानाच्या पाटीवर इंग्रजी? म्हणालो, टुरिस्ट लोकांसाठी. त्या म्हणाल्या, आणि मागे तो जॉर्जियाचा झेंडा?

झेंडा कापायचा राहिला होता.

अतुल फराळाच्या टेबलाकडे बघत होता. करंज्या मोजत असावा.

पद्मजाने अंक पर्समधे ठेवला होता. गाडीत वाचला. लाल सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, मी तिथे बोलले का हे? म्हणालो, लेखात थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं. म्हणाली, हो, पण मला काय वाटलं तिथे, ते तरी मला विचारायचंस.

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला.

निश्चय: उद्या तिला सविस्तर समजावून सांगणं.

२२ ऑक्टोबर, रविवार

समजावायला सवड मिळाली नाही. पाहुणे, फराळ.

आज चिवडा डब्यात भरताना ती म्हणाली, पाच नोव्हेंबरला मी जातेय. कुठे विचारलं. तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, लिंडेनफुर्टला. व्हिसा कधीच आलाय. वकिलातीत एकटी गेली होती. त्या बाईशी अर्धा तास जर्मनमधे गप्पा मारून आली. रुचाची शाळा आहे, तेव्हा रुचाकडे मी बघायचं. फ्रीजवर माझ्या जबाबदाऱ्या लिहून लावल्यात. रंगीत नाहीत, पण स्पष्ट आहेत.

खरं तर हे मीच सुचवणार होतो.

५ नोव्हेंबर, रविवार

विमानतळावर सोडलं. बूट पायात. म्हणालो, तटबंदीवर संध्याकाळी जा, उजेड चांगला असतो, मी लिहिलंय. ती हसली. बऱ्याच दिवसांनी. मग सिक्युरिटीच्या रांगेत गेली आणि मागे वळून बघितलं. रुचाला हात केला.

८ नोव्हेंबर, बुधवार

कुकरला शिट्टी लावायची राहिली. रुचाने सीरियल खाल्लं. मीही.

फोन आला. मागे घंटा वाजत होती, खरी. पद्मजा भरभर बोलत होती. बेकरीवाल्या म्हातारीने विचारलं, जर्मन कुठे शिकलात? पुण्यात म्हटल्यावर म्हातारीने शेजारणीला हाक मारली, दोघींनी हिला कॉफीला बसवून घेतलं. मी विचारलं, तटबंदीवर गेलीस? म्हणाली, तिन्ही दिवस. विचारलं, काय म्हणालीस तिथे? म्हणाली, काही नाही. बोलावंसंच वाटलं नाही.

विचारलं, माझी आठवण आली? म्हणाली, आली ना. एका घरावर तसलंच छप्पर होतं, हेलनसारखं.

विषय निघाला, एवढं तरी.

१२ नोव्हेंबर, रविवार

पद्मजा आली. घर आवरून ठेवलं होतं. तिने पुन्हा आवरलं.

बूट दारात काढलेत. एकाच्या तळव्यात छोटा खडा अडकलाय, तिथला. काढून टाकू का विचारलं. म्हणाली, राहू दे.

चहा केला मी. समोर बसलो आणि मनापासून सांगितलं, पद्मजा, स्टॅम्प करून घेतो, पुढच्या वर्षी आपण दोघं नक्की जाऊ. ती कपावर फुंकर मारत म्हणाली, मी जाऊन आले रे. आणि तू तर माझ्याही आधी जाऊन आलायस. छापून आलंय.

प्लॅन उघडला. प्रोजेक्ट बंद केला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: काम क्लायंटने स्वतः पूर्ण केलं.