फ्रॉक अंगात शिरेना

दादा, धाकटीचा वाकून नमस्कार.

आधी चांगली बातमी. तुझी लेक मालिकेतून सुटली. तिचा फ्रॉक आता उसवूनही अंगात शिरत नाही.

दिग्दर्शक बजावायचे, "हिला जेवायला कमी द्या, पात्र लहानच दिसायला हवं." मी मान डोलवायचे आणि मेकअपच्या खोलीला कडी लावून तिला पोटभर भरवायचे. वहिनीला एवढ्यात सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल. तिचा खोकला थांबला का?

काल तिच्या जागी आलेल्या चिमुरडीला नवा फ्रॉक घातला. तिची आई हरखली होती. डबा कुठे लपवायचा, ते मी तिला दाखवून आले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी घरी यायला निघतो. दाराच्या चौकटीवरची उंचीची खूण पुसू नकोस. सेटवर खांदे पाडून चालणारी तुझी लेक आता टाचा उंचावून चालते.

तुझीच,
धाकटी