तलावाचं पाणी कुणी सोडलं

२ फेब्रु.
सकाळी बाळू दारात. शाळेत माझा विद्यार्थी, आता नगरसेवक. नगरपालिकेची बाग आणि जलतरण तलाव दुरुस्त होऊन पुन्हा उघडतायत, स्मरणिका काढायचीय. "सर, इतिहास तुमीच लिवा. तलावाचे पयले शिक्षक तुमी." चार पानं. वर सत्कार. हो म्हणून बसलो. बायको, नली, आतून म्हणाली, हार घालून घ्यायची हौस काही फिटत नाय तुमची. नाही फिटत, खरंय.

४ फेब्रु.
बाग बघून आलो. शिसारी आली. सुरूची झाडं तोडून प्लॅस्टिकची हिरवळ अंथरलीय. मधोमध सिमेंटचा डॉल्फिन, निळा, दात काढून हसतो. उद्घाटन व्हायच्या आधीच त्याच्या शेपटीवर गुटख्याची पिंक. तलावात जुन्या फरशीवरच नवी चिकटवलीय, काठीने ठोकली तर पोकळ वाजते. तळाला हिरवं पाणी, बाटल्या, एक चप्पल, फुगलेला बेडूक. कंत्राटदाराचा माणूस कडेला उभा राहून आत लघवी करत होता. मला बघून म्हणाला, "पंधरा दिसात चकाचक, सर."

समुद्र इथून पाच मिनिटांवर. तरी गावाला तलाव हवा होता. का, ते सगळ्यांना ठाऊक. समुद्रात मच्छीमारांची पोरं पोहायची, त्यांच्यात आपली नकोत.

८ फेब्रु.
दोन पानं झाली. सोपी होती ती. बागेच्या जागी पूर्वी मच्छीमार जाळी सुकवायचे, मग कुंपण आलं, वगैरे. पहिल्या स्पर्धेपाशी येऊन अडलो. शेवटी लिहिलं, 'स्पर्धेनंतर काही कारणास्तव तलावाचे पाणी बदलण्यात आले.' 

इथे तरी खरं लिहू. सुमन, तेव्हा अकरा वर्षांची, मासळीवाल्यांच्या वाडीतली. माझ्याकडे एक दिवस शिकली नव्हती, समुद्रात शिकलेली. सगळ्यांना मागे टाकून पहिली आली. डॉक्टरांचा मुलगा दुसरा. बक्षीस त्याला दिलं. हिचं म्हणे नाव नोंदलेलं नव्हतं. संध्याकाळी बागसमितीचे लोक नाकाला रुमाल लावून आले, म्हणे पाण्याक वास मारता. अध्यक्ष म्हणाले, सोडा पाणी. मी सव्वीस वर्षांचा, नोकरी कायम व्हायची होती. व्हॉल्व्ह मी फिरवला. ती कुंपणाबाहेर उभी. सगळं पाणी जाईपर्यंत उभी.

११ फेब्रु.
वाक्य बदललं. 'सुमन ही मुलगी पोहल्यामुळे तलावाचे पाणी सोडण्यात आले, ही खेदाची बाब होय.' बाळूला दिलं. उभ्याउभ्याच वाचलं त्याने.
"सर, ह्या कित्याक उकरून काढतास? तलावाक आजोबांचा नाव दितंव आमी."
तेव्हाचे अध्यक्ष म्हणजे याचे आजोबा. तलावाला त्यांचं नाव देणार, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणे, आधी त्या बाईला विचारा, तिला तरी चालेल का. चालणार नाही अशी त्याची खात्री.

१४ फेब्रु.
मासळी बाजारात गेलो. एरवी नलीच जाते. सुमन पहिल्याच ओट्यावर, रस्त्याला लागून. केस पांढरे झालेत.
"वळखलंस माका?"
"वळखूक काय झाला? रोज हयसून मान खाली घालून जातास."
वाक्य वाचून दाखवलं. ती सरंग्याचे तुकडे करत ऐकत होती.
"सोडण्यात आले म्हणजे? पाणी आपणहून गेला?"
"नाय."
"मगे कोणी सोडल्यान?"
आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. म्हटलं, "मी."
"मगे तसा लिवा. माझा नाव कित्याक व्हया थंय? मी काय केलंय? पोवलंय, इतक्याच. नाव तुमचा घाला."
रडेल, निदान रागवेल, अशी तयारी करून गेलो होतो. क्षमा मागायची वाक्यंसुद्धा पाठ केली होती. ती तशीच घेऊन परत.

१५ फेब्रु.
नवं वाक्य, 'मासळीवाल्यांच्या वाडीतली मुलगी पोहली म्हणून, अध्यक्षांच्या सांगण्यावरून, तलावाचे पाणी मी सोडले.' नलीला दाखवलं. कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "माका सांगितलास, तलावाची मोटार बिघडली म्हणान."
सांगितलं होतं खरं.
"त्या नव्या पाण्यात बायकांच्या वेळेत मी पोवाक येय होतंय. हसत होतंय. तुमी काठावर उभे."
जेवण वाढलं, पण समोर बसली नाही.

१८ फेब्रु.
स्मरणिका छापून आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर आजोबा, फेटा बांधून. माझ्या लेखात, माझ्या नावाखाली, 'काही तांत्रिक कारणास्तव पाणी बदलण्यात आले.' फोन केला. बाळू म्हणाला, "जागा कमी पडली, सर." पलीकडे कुणीतरी हसलं. वाक्य पुन्हा वाचलं. आणि क्षणभर बरं वाटलं. सुटलो, असं. इतका घाण माणूस मी.

२० फेब्रु.
स्मरणिका घेऊन सुमनकडे. लपवून काय उपयोग. तिने ओल्या हातांनी पान उलटलं, सावकाश अक्षर लावत वाचलं. मिटवून परत दिली.
"आता उद्घाटनाक तोंडान सांगतलास?"
"बघतंय," म्हणालो.
"बघा," म्हणाली आणि मागच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

२२ फेब्रु.
दहाला उद्घाटन. तलावात निळं पाणी सोडलंय, रंग घातलाय म्हणतात. नलीने शर्टाला इस्त्री केली. येतेस का, विचारलं. तुमी काय बोलतास त्याच्यार, म्हणाली.
कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मनोगत, दोन मिनिटे'. ते वाक्य आरशासमोर वाचून पाहिलं, घड्याळ लावून. दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. पहिल्यांदा 'मी' हा शब्द राहून गेला, दुसऱ्यांदा नीट आला. उरलेल्या वेळात काय बोलायचं, सुचत नाही.