घ. नी.

१२ फेब्रुवारी

काल आईला फोन केला. आज नऊ वाजता विभागात जाऊन सरांना सगळं सांगितलं. बाराला खोलीवर परत आले, कपडे धुतले, वाळत घातले. आता पत्र लिहायला बसले आहे.

तीर्थस्वरूप मामांना शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार पूर्ण केला आहे. पुढे जे येईल त्याचा त्याच्याशी संबंध नाही.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? स्टुलावर चढणं अजून चालू आहे का? यातला शेवटचा प्रश्न चौकशीचा नाही, आरोपाचा आहे.

मी सहसा चिडत नाही. बाबा गेले तेव्हा घरात आवाज न चढवता वावरणारी मी एकटीच होते, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात. आज मात्र तुमच्यावर इतकी चिडले आहे की या पत्राचा पहिला कागद पेनानं फाटला. हा दुसरा.

मी काय शिकते ते तुम्ही नातेवाइकांत 'बँकेचं काहीतरी' असं सांगता. तसं नाही. माझा विषय उपयोजित अर्थमिती. आकड्यांवरून कशामुळे काय झालं ते शोधून काढायचं. प्रबंधाला आकडे हवे होते, आणि ते आपल्या घरातच होते. बाबांच्या शिवणदुकानासमोर बसथांबा आहे. सकाळची आठ चाळीसची बस प्रत्यक्षात किती वाजता आली, हे बाबा मापाच्या वहीच्या समासात रोज लिहीत. सलग अकरा वर्षं. (मापं छा., कं., बा. अशी. पूर्ण शब्द लिहिला की त्यांना कापड वाया गेल्यासारखं वाटे.) गेल्या उन्हाळ्यात त्या वह्या मी मागून आणल्या.

आकडे संगणकात भरले आणि चमत्कार दिसला. आठ वर्षं सरासरी बारा मिनिटं उशिरा येणारी बस एका गुरुवारपासून पाचच मिनिटं उशिरा यायला लागली, ती कायमची. त्या गुरुवारच्या समासात बाबांनी लिहिलं होतं : घ. नी. मी अर्थ लावला, घाईत निघाली. त्याच आठवड्यात बस आगारात नवे आगारप्रमुख आलेले. सर म्हणाले, "अगं, ही तर खाण आहे खाण!" मग मी पाऊस वेगळा काढला, शाळांच्या सुट्ट्या वेगळ्या काढल्या, बाजाराचे दिवस वेगळे काढले. सात मिनिटं जागची हलेनात. हलतील कशी? तुम्ही स्वतःच्या हातानं बसवली होती ती.

'शिस्तीचा परिणाम : सात मिनिटे' यावर मी चाळीस पानं लिहिली. सरांनी आगारप्रमुखांना विभागात भाषणाला बोलावलं. ते तासभर शिस्तीवर बोलले. आले मात्र वीस मिनिटं उशिरा. त्यांना फुलं मी दिली, मामा. मी.

आणि काल आईला सहज विचारलं, घ. नी. म्हणजे घाईत निघालीच ना? आई म्हणाली, "घाईत कसलं? घड्याळ नीट! तुझा मामा नाही का स्टुलावर चढून दुकानातलं घड्याळ बरोबर करून गेला?"

ज्यात बघून बाबा बसची वेळ लिहीत, ते घड्याळ त्यांनी मुद्दाम सात मिनिटं पुढे ठेवलं होतं, गिऱ्हाइकाची बस चुकू नये म्हणून. ते तसंच राहिलं असतं तरी माझं काहीही बिघडलं नसतं! एकसारखी चूक आमच्या शास्त्रात निमूटपणे कोपऱ्यात जाऊन बसते, कुणाला त्रास देत नाही. बाबांसारखीच. घात करतो तो मधेच येऊन सुधारणारा. आमचा रेडिओ तुम्ही नीट केलात, तो तेव्हापासून मुका आहे. मिक्सर नीट केलात, त्या दिवसाच्या चटणीचा डाग अजून छताला आहे. तेव्हा आम्ही हसलो, ही आमची चूक.

सकाळी सर मला काय म्हणाले असतील? "वहीत घ. नी. एवढंच आहे ना? मग घाईत निघाली राहू दे. कुणाला कळणार आहे?" मला कळलंय ना, म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्यानं की झेरॉक्सवाला दारात येऊन बघून गेला. सर म्हणाले, "मग पुरावा आण. सोमवारपर्यंत. नाहीतर सहा महिने थांब."

वह्या आणल्यावर बाबा तीन महिने होते. दर रविवारी फोन व्हायचा. मी 'जेवलात का' विचारायचे, 'घ. नी. म्हणजे काय' कधी विचारलं नाही. वाटलं, मला कळलंय. हा राग तुमच्या वाट्याचा नाही, पण पत्र तुम्हालाच आहे, तेव्हा तोही घ्या.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. पुरावा म्हणजे तुम्ही. तारीख, सही आणि दोन ओळी तुमच्या हस्ताक्षरात, उलट टपाली. 'घड्याळ नीट केले' असं लिहू नका. 'सात मिनिटे मागे केले' असं लिहा.

ता. क. २. बाबांनी काटा पुन्हा पुढे का केला नाही, हेही आईला विचारलं. ते म्हणाले होते, "राहू दे. मेहुण्याला आयुष्यात एक तरी गोष्ट नीट केल्याचं समाधान असू दे." मग शेवटची तीन वर्षं ते गिऱ्हाइकांना तोंडानंच सांगत, "उठा, सात मिनिटं आहेत." हे तुम्हाला सांगणार नव्हते.

ता. क. ३. ते घड्याळ आता माझ्या खोलीत आहे. बघायला येऊ नका. टपालपेटी पाचला उघडते आणि पत्र आजच गेलं पाहिजे. खुर्ची भिंतीशी ओढली आहे. काटा सात मिनिटं पुढे करते आणि निघते.