कोल्ह्याला घातलेलं आमिष

प्रिय आल्दावहिनी,

तू दिलेल्या धुरी घातलेल्या मटणातला उरलेला तुकडा अजून आमच्या मोटरहोमच्या फ्रीजमध्ये पडून आहे. स्काफ्ती रोज विचारतो, काढू का? मी नको म्हणते. आम्ही परवा रेक्याविकला पोचलो, गाडी दारात उभी आहे आणि शेजारणी विचारतात, कशी झाली सहल? मी सांगते, छान झाली. देवमासे पाहिले, सील पाहिले, कड्यावरचे पफिन पक्षी पाहिले. त्यात खोटं काहीच नाही, तरी सांगताना माझी मान वर होत नाही.

निवृत्त झाल्यापासून माझ्या नवऱ्याच्या डोक्यात या गाडीचं खूळ, हे तुला माहीतच आहे. गळ्यात दुर्बीण अडकवून त्यानं अख्खा उत्तर किनारा पालथा घातला. राहिला होता फक्त कोल्हा. रोज संध्याकाळी तेच रडगाणं. आणि मी पडले तुमच्या त्या स्त्रांदिरच्या किनाऱ्यावर वाढलेली मुलगी. नवऱ्यापुढे मिरवायची हौस या वयातही जात नाही बघ. दादानं फोनवर बजावलं होतं, आपल्या किनाऱ्यावर आयडर बदकं अंड्यांवर बसली आहेत, इंजिनाचा आवाज नको, गाडी टेकडीपलीकडेच लाव. ते मी अगदी शहाण्यासारखं ऐकलं. आणि मग स्काफ्तीला म्हणाले, थांब, मी दाखवते तुला कोल्हा. बाबा आमिष कसं लावायचे ते मी लहानपणापासून पाहिलेलं. वारा बघायचा, मांसाचा तुकडा खडकांवरून घासत न्यायचा, मग दगडाखाली चेपून ठेवायचा. बाबा बंदूक घेऊन बसायचे, आम्ही कॅमेरा घेऊन बसलो. आला. निम्मा पांढरा, निम्मा तपकिरी, हिवाळ्यातले केस अंगावरून लोंबत असलेला. स्काफ्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतका चेव चढला की मी तुझ्या मटणाचा आणखी एक तुकडा टाकला, मग आणखी एक. टाकलेलं मांस संपल्यावर हा पुढे कुठे जाईल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही, असं लिहिणार होते. शिवला होता. मी तो झटकला.

सकाळी कॉफीला तुमच्याकडे आलो तेव्हा दादा उभ्याउभ्याच बोलत होता. पहाटे कोल्हा घरट्यांत शिरला, त्यानं अंडी फोडली, घाबरलेली बदकं उरलेली अंडी टाकून समुद्रात गेली. आणि पहाऱ्याला तू होतीस. "एवढंसं काम होतं तुझं," तो आमच्यादेखत म्हणाला. "डोळा लागला असेल, दुसरं काय." तू म्हणालीस, "लागला असेल," आणि आमच्या पुढ्यात पॅनकेक ठेवलेस. मी ते खाल्ले, वहिनी. वरून साखर मागून घेऊन खाल्ले आणि अरेरे, फार वाईट झालं, असंही म्हणाले. स्काफ्ती माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

मग तू गाडीपर्यंत पोचवायला आलीस. झोपले नव्हते मी, म्हणालीस, पण टेकडीच्या बाजूनं आजवर कधी कोल्हा आला नाही, म्हणून तिकडे पाठ होती. एका घरट्याशी तुला मटणाची कातडी सापडली, तुझ्याच धुरीच्या खोपटातली, आणि कुणी बघायच्या आत तू ती समुद्रात भिरकावलीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला बोलला तर संध्याकाळपर्यंत विसरेल तो," तू म्हणालीस. "तुझ्याशी मात्र बोलणं टाकेल. मग तुम्हा भावंडांची तोंडं जुळवत मीच बसायचं ना? गप्प राहा तू." मी गप्प राहिले. तू सांगितलंस म्हणून नव्हे, मला तेच हवं होतं म्हणून.

पण तो विसरला नाही गं. काल फोनवर सहज सांगत होता, आल्दाला आता पहाऱ्याला बसवत नाही, म्हातारी झाली, झोपते. दुकानातही हेच सांगून लोकांना हसवतो म्हणे. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तो किनारा तू राखलास. तुझ्या पावलाला बदकं उठत नाहीत, त्यांच्या पोटाखाली हात घालून तू घरट्यातली मऊ पिसं काढतेस. आणि माझ्या मिरवण्यापायी तुलाच तिथून उठवलं. म्हणून आज सकाळी मी दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं. पत्र पोचेपर्यंत तुला ते कळलेलं असेल, तरी तुझं ऐकलं नाही हे मीच तुला सांगायला हवं, आणि फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "हिला माहीत होतं?" मी हो म्हणाले. त्यानं फोन ठेवला. आता तो माझ्याशी बोलणार नाही, आणि ते बरोबरच आहे. तुझी माफी तर तो मरेपर्यंत मागायचा नाही. माझाच भाऊ आहे, मी ओळखते त्याला. एखाद्या दिवशी नुसता म्हणेल, आज तू बस पहाऱ्याला, मला झोप येतेय. तेवढं म्हणाला की जा, वहिनी. माझ्यावर रागावून घरात बसू नकोस.

तुझीच, तोंड दाखवायची लाज वाटणारी नणंद,
हाल्लफ्रीदुर